सुती होजिअरी कापडाचं फिनिशिंग आणि नॅनोकण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होजिअरीच्या कारखान्यात काम करणारे, कपड्यांचा ब्रँड चालवणारे, वस्त्रतंत्रज्ञान शिकणारे विद्यार्थी आणि लेबलवर ‘नॅनो’ वाचून थबकलेले ग्राहक, या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं देताना एक भूमिका धरली आहे. कापडावर काय लावलं हे दुय्यम आहे. वीस धुण्यांनंतर त्यातलं काय उरलं आणि ते मिळवताना कापडाने काय गमावलं, हे आधी विचारायला हवं.

मागावरच्या कापडापेक्षा होजिअरीचं कापड इतकं वेगळं का वागतं?

मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना अडवून धरतात. होजिअरीत सूत लूपच्या रूपात एकमेकांत अडकलेलं असतं आणि लूपला आकार बदलायला मोकळीक असते. सिंगल जर्सीच्या, म्हणजे टी-शर्टच्या साध्या एकेरी विणीच्या कापडाच्या, सुलट बाजूवर भिंग ठेवलं तर इंग्रजी ‘व्ही’सारखे उभे रकाने दिसतात, उलट बाजूला अर्धगोल कमानींच्या आडव्या ओळी. भिंग तसंच ठेवून कापड लांबीत ओढा. ‘व्ही’ मिटतो, लूप उंच आणि अरुंद होतो. रुंदीत ओढलं की तोच लूप बुटका आणि पसरट होतो, आणि मधली भोकं मोठी होतात.

या एका हालचालीत पुढची जवळजवळ सगळी उत्तरं दडलेली आहेत. कापड अंगाला बसतं ते यामुळेच, प्रक्रियेतला ताण त्यात साठून राहतो तो यामुळेच, आणि उन्हापासून मिळणारं संरक्षण अंगात घातल्यावर कमी होतं तेही यामुळेच.

पहिल्याच धुण्यात टी-शर्ट का आटतो?

ब्लीचिंग, रंगाई आणि वाळवणीच्या वेळी कापड ओलं असतं, जड असतं आणि लांबीच्या दिशेने ओढलं जातं. त्या अवस्थेतच ते वाळतं. लूप ताणलेल्या आकारात थिजतो, पण ती त्याची नैसर्गिक अवस्था नसते. ग्राहक पहिल्यांदा कपडा धुतो तेव्हा कापसाचा तंतू पाणी पिऊन आडवा फुगतो, लांबीत मात्र फारसा वाढत नाही. सूत जाड होतं, घर्षण सुटतं, मशीनमध्ये कपडा घुसळला जातो आणि लूप आपल्या मूळ आकाराकडे परततो. लांबी घटते. रुंदी कधी घटते, कधी उलट थोडी वाढतेही.

म्हणजे कापूस आखूड होत नाही, साठलेला ताण सुटतो. हे नीट कळलं की उपाय कुठे करायचा तेही कळतं. ताण जिथे शिरला तिथेच तो काढायला हवा. शेवटच्या बाथमध्ये (कापड ज्यातून नेतात त्या रसायनाच्या द्रावणात) एखादं महागडं रसायन टाकून तो जात नाही.

बाजूची शिवण फिरून पोटावर का येते?

सुताला पीळ देताना त्यात उलट फिरण्याची ओढ उरते. सिंगल जर्सीत लूप ही ओढ अडवू शकत नाही, तो कलतो, आणि उभे रकाने तिरपे होतात. गोल निटिंग मशीनवर फीडर (सूत पुरवणाऱ्या जागा) जास्त असतील तर आडव्या ओळीही मुळातच थोड्या तिरक्या विणल्या जातात आणि त्याची भर पडते. रिब आणि इंटरलॉकमध्ये दोन्ही बाजूंचे लूप एकमेकांना तोलतात, म्हणून तिथे हा त्रास फार कमी असतो.

पीळ कमी घेणं, दुपदरी सूत वापरणं, उजव्या आणि डाव्या पिळाची सुतं आलटून पालटून लावणं हे खरे उपाय. स्टेंटरवर, म्हणजे कडा धरून कापड ताणत वाळवणाऱ्या यंत्रावर, कापड सरळ ओढून बसवता येतं, पण तो देखावा पहिल्या धुण्यापर्यंतच टिकतो.

मग फिनिशिंगमध्ये आटणं कसं आवरतात?

यंत्रांच्या साहाय्याने, तीन टप्प्यांत. पहिला, ओल्या प्रक्रियेत ताण कमी ठेवणं. जिग किंवा जुन्या विंचपेक्षा सॉफ्ट फ्लो मशीन होजिअरीला मानवतं ते म्हणूनच. दुसरा, वाळवताना कापड जास्त भरणं, म्हणजे ओव्हरफीड. रिलॅक्स ड्रायरमध्ये कापड गरम हवेवर सैल तरंगतं, हलतं आणि आकसतं. तिसरा, कॉम्पॅक्टिंग. वाफेने मऊ झालेलं कापड लांबीच्या दिशेने दाबलं जातं, लूप बुटके होतात, जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) वाढतो आणि ग्राहकाच्या घरी जे आटणं झालं असतं ते कारखान्यातच होऊन जातं.

यात एक पथ्य सर्रास मोडलं जातं. कॉम्पॅक्ट केलेलं कापड रोलवर घट्ट गुंडाळलं आणि कटिंगच्या टेबलावर ओढून अंथरलं, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. रोल उलगडून कापड दिवसभर सैल पडू द्यावं आणि मगच कापावं.

बायो-पॉलिशिंगने गोळे येणं खरंच थांबतं का?

बऱ्यापैकी थांबतं. सुताच्या पृष्ठभागावर उभे असलेले बारीक तंतू घासले जाऊन गुंततात आणि त्यांचे गोळे होतात. सेल्युलेज हे एन्झाइम त्या तंतूंना मुळाशी कमजोर करतं आणि मशीनमधल्या घुसळण्याने ते तुटून जातात. आम्लधर्मी सेल्युलेजला ४.५ ते ५.५ पीएच आणि ५० ते ५५ अंश सेल्सिअस तापमान लागतं, न्यूट्रल प्रकाराला ६ ते ७ च्या आसपासचा पीएच.

काम झाल्यावर एन्झाइम मारणं मात्र विसरू नये. तापमान ८० अंशांवर न्यावं किंवा पीएच अल्कलीकडे ढकलावा. नाहीतर ते कापडात राहून सेल्युलोज खातच राहतं. साधारण ३ ते ५ टक्के वजन घटणं अपेक्षित धरतात. त्यापुढे गेलात तर हाताला फार छान लागणारं पण बोटाने फुटणारं कापड हाती येतं. माझं मत विचाराल तर बारीक सुताच्या हलक्या जर्सीवर मोह आवरावा आणि डोस कमी ठेवून वेळेवर लक्ष द्यावं.

मर्सराइझिंग होजिअरीला करता येतं का?

येतं. जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये तीव्र कॉस्टिक सोड्याचा कापसावरचा परिणाम ओळखला आणि १८५० मध्ये पेटंट घेतलं. त्याला चमक मिळाली ती पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी ताण देऊन प्रक्रिया केली तेव्हा. होजिअरीची अडचण नेमकी हीच, की तिला ताण द्यायचा तरी किती? त्यासाठी नळीसारख्या कापडाच्या आतून फुगवणारी खास यंत्रं वापरतात. चमक, रंगाची खोली आणि मापाची स्थिरता तिन्ही सुधारतात. वर नॅनोकण बसवायचे असतील तर फुगून गोल झालेला, जास्त शोषक तंतू ते एकसारखे घेतो.

सॉफ्टनर लावल्यावर कापड पाणी का शोषत नाही?

कारण बहुतेक सॉफ्टनर तंतूवर चिकट-तेलकट पापुद्रा सोडतात. अमिनो सिलिकॉन सर्वांत रेशमी फील देतं, पण पाणी दूर ढकलतं आणि जास्त उष्णतेत पांढऱ्या कापडाला पिवळसर झाक आणतं. अंगाला चिकटून राहणाऱ्या कपड्यासाठी हायड्रोफिलिक सिलिकॉन घ्यावं. फील किंचित कमी, पण घाम टिपला जातो.

होजिअरीत सॉफ्टनरचं आणखी एक काम आहे, ज्याची चर्चा कमी होते. कोरड्या, खरखरीत सुतात शिलाई मशीनची सुई शिरते तेव्हा लूप बाजूला सरकत नाही, तुटतो. शिवणीच्या कडेला बारीक भोकं पडतात आणि काही धुण्यांनी तिथून टाके उसवत जातात. ‘शिवणाऱ्याची चूक’ म्हणून परत आलेल्या मालात बऱ्याचदा मूळ दोष फिनिशिंगचा असतो.

रेझिन फिनिश होजिअरीवर वापरावं का?

सावधपणे. डीएमडीएचईयू हे नेहमीचं रेझिन मॅग्नेशियम क्लोराइडच्या मदतीने १५० ते १६० अंशांना सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतं. लूप त्या आकारात बसतो, आटणं आणि शिवण फिरणं कमी होतं. पण त्या पुलांमुळे तंतू ठिसूळ होतो आणि ताकद बरीच खाली येते. शिवाय त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतं, ज्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. त्वचेला लागणाऱ्या कपड्यांसाठी ७५ पीपीएम ही मर्यादा व्यापारात सर्वत्र ओळखली जाते, लहान मुलांसाठी ती त्याहून कितीतरी कडक आहे.

फॉर्मल्डिहाइड नसलेला पर्याय म्हणजे बीटीसीए आणि सायट्रिक आम्लासारखी पॉलिकार्बोक्सिलिक आम्लं, सोबत सोडियम हायपोफॉस्फाइट. सायट्रिक आम्ल पांढऱ्या कापडाला पिवळं करतं, बीटीसीए चांगलं पण महाग. या आम्लांचा नॅनोकणांशी जो संबंध आहे तो खाली येईल.

नॅनोकण म्हणजे नेमकं काय, आणि लहान झाल्याने काय बदलतं?

१ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण. कापसाच्या तंतूची जाडी साधारण १२ ते २० मायक्रोमीटर असते, म्हणजे २० नॅनोमीटरचा कण तिच्यापेक्षा साधारण सहाशे ते हजारपट लहान असतो.

दोन गोष्टी बदलतात. पहिली, पृष्ठभाग. टायटॅनियम डायऑक्साइडचे २० नॅनोमीटरचे गोल कण धरले, तर एका ग्रॅमचं क्षेत्रफळ सुमारे ७७ चौरस मीटर भरतं. तेच कण २०० नॅनोमीटरचे असतील तर जेमतेम ८. जंतू, किरण, पाणी यांच्याशी गाठ पृष्ठभागावरच पडते, म्हणून थोड्या वजनात जास्त काम होतं. दुसरी, प्रकाश. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान कण त्याला फारसे विखुरत नाहीत, त्यामुळे रंगीत कापड पांढरट दिसत नाही आणि हाताला पावडर लागत नाही.

यातलं सगळं कण सुटे राहिले तरच खरं. गुठळ्या झाल्या की तुम्ही नॅनोचे पैसे देऊन साधी पावडर लावता.

कोणता कण कशासाठी वापरतात?

चांदी जंतूंसाठी. कणातून सुटणारे चांदीचे आयन जिवाणूंच्या प्रथिनांमधल्या गंधकयुक्त गटांना चिकटतात, पेशीचं आवरण बिघडवतात. मात्रा अगदी कमी लागते. अडचण रंगाची. चांदीचे नॅनोकण ४०० ते ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर-जांभळा प्रकाश शोषतात, म्हणून पांढरं कापड पिवळसर-तपकिरी होतं. मोज्यांना आणि गडद रंगाच्या खेळाच्या कपड्यांना चालतं, पांढऱ्या बनियनला नाही.

झिंक ऑक्साइड माझ्या मते सुती होजिअरीचा सर्वांत समंजस सोबती आहे. ते अतिनील किरण शोषतं, जंतूंवर चालतं आणि रंग पांढरा ठेवतं. पण ते आम्लातही विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही, त्यामुळे आम्लधर्मी घाम आणि अल्कधर्मी धुलाई या दोन्हींत हळूहळू झिजतं.

टायटॅनियम डायऑक्साइडची दोन रूपं नीट ओळखून घ्यावीत. ॲनाटेज ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या किरणांनी जागं होऊन आजूबाजूचे सेंद्रिय पदार्थ जाळतं. ‘स्वतः स्वच्छ होणारं कापड’ म्हणतात ते याच गुणावर. रुटाइल किरण अडवतं, पण ही जाळण्याची क्रिया त्यात बरीच मंद असते. फक्त उन्हापासून संरक्षण हवं असेल तर रुटाइल घ्या, शक्यतो सिलिका किंवा ॲल्युमिनाचं कवच असलेलं.

सिलिका स्वतः पाणी आवडणारी आहे. तिच्यामुळे तंतूवर नॅनो पातळीचा खडबडीतपणा येतो आणि वर लांब साखळीचा अल्किल सिलेन लावला की पाण्याचा थेंब गोळी होऊन घरंगळतो. थेंबाचा स्पर्शकोन १५० अंशांवर गेला की त्याला सुपरहायड्रोफोबिक म्हणतात. वातावरणात न विरणाऱ्या फ्लोरोकार्बन रसायनांना हा चांगला पर्याय आहे, जरी तेल मात्र तो अडवत नाही.

कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून येतं, धनभारित असतं आणि ट्रायपॉलिफॉस्फेटच्या साहाय्याने त्याचे नॅनोकण बनवता येतात. ते कापसाला चिकटतं आणि जंतूंना रोखतं, पण मात्रा वाढली की कापड कडक होतं.

नॅनो झिंक ऑक्साइड लावूनही यूपीएफ वाढत का नाही?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

यूपीएफ ५० म्हणजे त्वचेला जाळणाऱ्या अतिनील किरणांपैकी पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, कापडातून पार जातो. किरण दोन वाटांनी जातात, सुतातून आणि लूपमधल्या भोकांतून. नॅनोकण फक्त पहिली वाट बंद करतात. समजा कापडाचा ४ टक्के भाग मोकळी भोकं आहेत. सूत अगदी लोखंडासारखं अपारदर्शक केलं तरी ते ४ टक्के किरण सरळ आत येणारच, म्हणजे यूपीएफ २५ च्या वर जाऊच शकत नाही. ५० गाठायचं असेल तर भोकं २ टक्क्यांच्या आत आणावी लागतील. ते काम निटिंगचं आणि कॉम्पॅक्टरचं आहे, बाथचं नाही.

म्हणून आधी लूपची लांबी कमी करा, जीएसएम वाढवा, जर्सीऐवजी इंटरलॉकचा विचार करा, मग कणांकडे वळा. गडद रंग मदत करतो. ब्लीच केलेल्या कापडापेक्षा ग्रे (म्हणजे ब्लीच न केलेलं कोरं) कापड किरण जास्त अडवतं, कारण कापसातली नैसर्गिक रंगद्रव्यं आणि इतर घटक ब्लीचिंगमध्ये निघून जातात. पहिल्या धुण्यात कापड आटून घट्ट झाल्यामुळे यूपीएफ वाढल्याचंही सहज दिसतं.

आता ते भिंग आठवा. खांद्यावर, पाठीवर कापड ताणलं की भोकं उघडतात. ओलं झालं की सुती कापड जास्त पारदर्शक होतं. प्रयोगशाळेत सैल आणि कोरड्या तुकड्यावर मिळालेला आकडा पोहताना किंवा घामाने भिजल्यावर मिळेल असं समजू नये. अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यासाठी ताणलेल्या अवस्थेतली चाचणीही करून घ्यावी, असं मी आवर्जून सांगेन.

कण कापडावर बसवतात कसे?

नेहमीची पद्धत पॅड-ड्राय-क्युअर. कापड बाथमधून नेऊन रोलरमध्ये पिळायचं, १०० ते १२० अंशांना वाळवायचं, मग बाइंडरनुसार (कण चिकटवणाऱ्या पदार्थानुसार) १४० ते १६० अंशांना काही मिनिटं क्युअर करायचं, म्हणजे उष्णतेने पक्कं करायचं. हिशेब सोपा आहे. पिकअप ८० टक्के असेल तर १ किलो कापड ८०० ग्रॅम द्रावण उचलतं. बाथमध्ये लिटरला १० ग्रॅम कण असतील तर कापडावर ८ ग्रॅम, म्हणजे ०.८ टक्के बसतील. २ टक्के हवे असतील तर लिटरला २५ ग्रॅम घ्यावे लागतील. पुरवठादार सांगतो ती मात्रा पावडरची आहे की पाण्यात कण पसरवलेल्या तयार मिश्रणाची, म्हणजे डिस्पर्शनची, हे विचारल्याशिवाय हिशेब मांडू नका.

पॅडिंगमध्ये होजिअरी ओढली जाते, कडा गुंडाळतात आणि कडेला पिकअप वेगळा पडतो. त्यामुळे नळीच्या स्वरूपातलं कापड सॉफ्ट फ्लो मशीनमध्ये एक्झॉस्ट पद्धतीने करण्याकडे कल असतो. तिथे कण तंतूकडे स्वतःहून ओढले जायला हवेत, आणि ते दोघांच्या भारावर अवलंबून असतं.

तिसरी वाट म्हणजे कण कापडावरच तयार करणं. झिंक ॲसिटेट किंवा सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण तंतूत मुरवायचं आणि तिथेच त्याचं ऑक्साइड किंवा धातू बनवायचा. सेल्युलोजचे हायड्रॉक्सिल गट कणांना वाढताना धरून ठेवतात. टिकाऊपणा बऱ्याचदा चांगला मिळतो, पण एका बॅचचा परिणाम दुसऱ्या बॅचमध्ये तंतोतंत आणणं अवघड.

बाथमध्ये गुठळ्या का होतात?

नॅनोकण मूळचेच एकमेकांकडे ओढले जातात. त्यांना दूर ठेवतो तो पृष्ठभागावरचा भार. या भाराचं माप, म्हणजे झीटा पोटेन्शियल, साधारण ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे, धन किंवा ऋण, असेल तर डिस्पर्शन टिकतं. शून्याजवळ आलं की कण बसतात. कोणत्या पीएचला भार शून्य होतो हे प्रत्येकाचं वेगळं असतं. सिलिकाचा २ ते ३ च्या आसपास, टायटॅनियम डायऑक्साइडचा ६ च्या, झिंक ऑक्साइडचा ९ च्या आसपास. त्यामुळे ६ पीएचच्या बाथमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड नुसतं ढवळत बसून काही उपयोग नाही.

जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम आयन हा भार झाकतात, ब्लीचिंगनंतर राहिलेली अल्कली पीएच बदलते, आणि ऋणभारित डिस्पर्शनमध्ये कॅटायनिक (धनभारित) सॉफ्टनर ओतला तर दोघं मिळून खाली बसतात. एक साधी तपासणी करा. बाथचं थोडं द्रावण काचेच्या उभ्या नळीत घेऊन तासभर हलवू नका. वर निवळ पाणी आणि तळाशी पांढरी साय दिसली, तर तो बाथ कापडावर नेऊ नका. नेलात तर पहिल्या शंभर मीटरवर एक मात्रा आणि शेवटच्या शंभर मीटरवर दुसरी बसेल, आणि गडद शेडवर खडूसारखे डाग उमटतील.

सॉफ्टनर, रेझिन आणि नॅनोकण एकाच बाथमध्ये चालतील का?

सगळे नॉनआयनिक (भार नसलेले) असतील किंवा एकाच भाराचे असतील तर चालतात. तरी आधी बीकरमध्ये मिसळून, तापवून, रात्रभर ठेवून पाहा. शंका असेल तर कण आधी, सॉफ्टनर नंतर. उलटा क्रम नको, कारण सॉफ्टनरच्या पापुद्र्यावर कण नीट बसत नाहीत.

धुण्यात हे कण टिकतात का?

नुसते टेकलेले कण टिकत नाहीत. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारातले चांदीचे मोजे पाण्यात धुऊन पाहिले. काहींची चांदी मोजक्या धुण्यांत जवळजवळ सगळी पाण्यात उतरली, काहींची बऱ्यापैकी राहिली. धातू तोच, फरक बसवण्याच्या पद्धतीत होता.

धरून ठेवायला तीन वाटा आहेत. ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन बाइंडर सर्वांत सोपा, पण तो लूपना एकमेकांशी चिकटवतो, कापडाची लवचीकता आणि हवेची ये-जा कमी करतो, आणि कणांना झाकून त्यांचं कामही मंदावतो. सिलेन जोडणी नाजूक पण स्वच्छ. आणि बीटीसीएसारखी आम्लं, ज्यांचे काही कार्बोक्सिल गट सेल्युलोजशी एस्टर बंध करतात आणि उरलेले धातूच्या ऑक्साइडला पकडतात. फॉर्मल्डिहाइडविना आटणंही आवरतं आणि कणही धरले जातात. पिवळेपणा आणि ताकद सांभाळता आली तर माझा कौल याच वाटेला.

पण या सगळ्याच्या आधी तयारी. कच्च्या कापसात मेण आणि पेक्टिन असतं. ते काढणारी धुलाई, म्हणजे स्कावरिंग, अर्धवट झाली तर कण मेणावर बसतात आणि पहिल्या साबणात मेणासकट निघून जातात. कापडावर दहा ठिकाणी पाण्याचा थेंब सोडून पाहा. सगळीकडे तो क्षणात मुरायला हवा. एका जागी जरी थेंब डोळ्यासारखा चमकत बसला, तरी नॅनोचा डबा उघडू नका.

नॅनोकणांमुळे कापडाचं नुकसान होतं का?

होऊ शकतं. ॲनाटेज डाग आणि सेल्युलोज यांत भेद करत नाही. उन्हात ते रिॲक्टिव्ह रंगही फिके करतं आणि तंतूही. बाइंडरमुळे कापड कडक होतं. क्युअरिंगची उष्णता आणि आम्लधर्मी कॅटलिस्ट मिळून ताकद घटवतात. त्यामुळे नमुना तपासताना नुसतं पाणी पॅड करून त्याच तापमानातून काढलेला तुकडाही शेजारी ठेवावा, म्हणजे नुकसान कणांनी केलं की स्टेंटरने हे कळतं.

पुरवठादाराकडे कोणत्या चाचण्या मागायच्या?

जंतूंसाठी एएटीसीसी (वस्त्ररसायन क्षेत्रातल्या अमेरिकी संघटनेच्या चाचण्या) १०० किंवा आयएसओ २०७४३, दोन्ही मोजून आकडा देतात. ‘९९ टक्के’ ऐकायला मोठं वाटतं, पण १० लाख जिवाणूंपैकी १० हजार उरतात. ९९.९ टक्क्यांना १ हजार. एएटीसीसी १४७ मध्ये तुकड्याभोवती मोकळं वर्तुळ दिसलं म्हणजे द्रव्य बाहेर पाझरतंय एवढंच कळतं. घट्ट बांधलेल्या फिनिशला वर्तुळ दिसणारच नाही, आणि तो दोष नव्हे.

उन्हासाठी एएटीसीसी १८३ किंवा एएस/एनझेडएस ४३९९. ताकदीसाठी आयएसओ १३९३८ प्रमाणे बर्स्टिंग स्ट्रेंथ, कारण होजिअरीत लांबी-रुंदीची वेगळी ताकद मोजून फारसं हाती लागत नाही. आटण्यासाठी एएटीसीसी १३५, शिवण फिरण्यासाठी एएटीसीसी १७९, गोळ्यांसाठी आयएसओ १२९४५, हवेसाठी आयएसओ ९२३७, शोषणासाठी एएटीसीसी ७९.

टिकाऊपणासाठी एएटीसीसी ६१ ची २ए पद्धत वेळ वाचवते. ४९ अंशांना स्टीलच्या गोळ्यांसोबत ४५ मिनिटांची एक धुलाई घरच्या साधारण पाच धुण्यांइतकी धरतात. पण ती मूळची रंगाच्या पक्केपणाची चाचणी आहे. अंतिम दाव्यासाठी खऱ्या मशीनमधल्या वीस धुण्यांनंतरचे आकडे मागा, आणि त्याच कापडाचे, कारण जाड इंटरलॉकवर घेतलेला अहवाल हलक्या जर्सीसोबत जोडून पाठवण्याचा प्रकार दुर्मीळ नाही.

हे त्वचेला आणि काम करणाऱ्यांना सुरक्षित आहे का?

धोका सर्वांत जास्त कारखान्यात असतो, तोही श्वासातून. कोरडी पावडर तोलताना, पोती फोडताना, स्प्रे मारताना कण हवेत जातात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टायटॅनियम डायऑक्साइडला ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता’ असलेल्या २बी गटात ठेवलं आहे, आणि त्यामागचं कारण श्वासावाटे जाणारी धूळ हेच आहे. शक्य तिथे पावडर आणूच नये, पाण्यातलं तयार डिस्पर्शन घ्यावं. स्प्रेपेक्षा पॅडिंग बरं. मास्क साधा कापडी नको, सूक्ष्म कण अडवणारा हवा. कापताना-शिवताना उडणाऱ्या रोव्यातही फिनिश असतं, तिथल्या माणसांचा विचार सहसा कुणी करत नाही.

धडधाकट त्वचेतून झिंक आणि टायटॅनियमचे ऑक्साइड कण खोलवर शिरत नाहीत असंच आतापर्यंतच्या अभ्यासांत दिसलं आहे. चांदीच्या बाबतीत, विशेषतः जखमी किंवा इसब असलेल्या त्वचेवर, सावधगिरी ठेवावी. तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर जंतुनाशक नॅनोफिनिश लावायला मला सबळ कारण दिसत नाही. स्वच्छ स्कावर केलेलं, नीट धुतलेलं सुती इंटरलॉक त्यांना पुरेसं आहे.

सेंद्रिय कापडासाठीचं जीओटीएस मानक तर फिनिशिंगमध्ये नॅनोकणांना परवानगीच देत नाही. त्या शिक्क्याचा माल करणाऱ्यांचा प्रश्न तिथेच संपतो.

उरलेल्या बाथचं काय करायचं?

गटारात सोडायचा नाही. चांदी, तांबं आणि जस्त पाण्यातल्या जिवांना विषारी आहेत, आणि सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणूही त्यांनी मरतात. बाथ मोजूनच बनवा, उरला तर पुढच्या लॉटसाठी झाकून ठेवा, तेही शक्य नसेल तर वेगळा साठवून, कण खाली बसवून गाळ स्वतंत्र काढा.

घरी असे कपडे कसे धुवावेत?

कोमट पाणी, सौम्य साबण, कपडा उलटा करून. क्लोरिनचं ब्लीच चांदीला निकामी करतं आणि लिंबू किंवा व्हिनेगर झिंक ऑक्साइड विरघळवतं. कापड मऊ करणारं द्रव घामाच्या कपड्यांना लावू नये. दोरीवर ओला टी-शर्ट खांद्याने टांगू नका, पाण्याच्या वजनाने लूप पुन्हा ताणले जातात.

छोट्या युनिटने सुरुवात कुठून करावी?

एक कापड, एक गुण, एक कण. उदाहरणार्थ १८० जीएसएमचं इंटरलॉक आणि झिंक ऑक्साइडचं तयार डिस्पर्शन. आधी त्याच कापडाचं काहीही न लावता आटणं, यूपीएफ आणि बर्स्टिंग स्ट्रेंथ मोजून ठेवा. मग ०.५, १ आणि २ टक्के अशा तीन मात्रा लावा आणि प्रत्येक तुकडा धुण्याआधी, पाच धुण्यांनंतर आणि वीस धुण्यांनंतर तपासा. बहुतेक वेळा १ आणि २ टक्क्यांमधला फरक विसाव्या धुण्याला नगण्य निघतो, आणि तसं झालं तर वाचलेला पैसा बाइंडरपेक्षा स्कावरिंग आणि कॉम्पॅक्टिंगवर घाला. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यावर बाथचा पीएच, पिकअप आणि क्युअरिंगचं तापमान पक्क्या शाईच्या पेनाने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तक्रार आली की त्या कोपऱ्यापासूनच शोध सुरू करता येतो.